अळिवाचा वाफा

रायपूर
४ नोव्हेंबर २०२४

चि. प्रेरणास अनेक आशीर्वाद,

मी खुशाल पोचली. प्रियंकाची तब्येत बरी हाये. डॉक्टरीन म्हणते, महिना सरता सरता बाळंत होऊन मोकळी होईन. जावईबापू दिवसभर कारखान्यात, त्याईचा पोरगा शाळेत, अन् आम्ही मायलेकी घरात एकमेकींच्या तोंडाकडे पाह्यत बसतो.

काल फोनवर तू काय म्हणालीस ते मले अर्धंच समजलं. कानाचं मशीन लावलं की फोन शिट्टी मारते, काढलं की तू मुकी होतेस. मंग प्रियंका मधात उभी राहून सांगते, ‘वहिनी असं म्हणून राह्यली, वहिनी तसं म्हणून राह्यली.’ सुनेचं बोलणं लेकीच्या तोंडून ऐकाचं, हे मले नाई जमत बापा. म्हणून कागद घेतला. तू बी कागदच लिहिजो.

अळीव पेरलं का? नसन पेरलं तर आता उशीर नको करू. न्हाणीच्या मांगचा वाफा रिकामाच हाये. माती भुसभुशीत करून शेणखत मिसळजो. बी खोल नाई टाकाचं. चिमटीनं वरच्यावर भुरभुरून तळहातानं दाबाचं, झालं. वरून तागाचं पोतं झाकजो, नाईतर चिमण्या टिपून नेतात. कोंब दिसले की पोतं काढाचं.

तुझे सासरे होते तवा दसरा झाला की लगेच वाफा खणत. मी म्हणो, एवढी काय घाई? तर म्हणत, “इंदू, आपल्याकडं थंडी थोडेच दिवस राह्यते. तेवढ्यात खाऊन घेऊ.” अन् रजत लहान होता तवा तोंड न धुता वाफ्यात जाऊन बसे. बकरीवानी पाला तोडे, नाकाडोळ्यातून पाणी काढे, अन् पुन्हा तोडे. मी वरडली की म्हणे, “आई, झोंबते म्हणून तं खातो.”

इथं फ्लॅटच्या बाल्कनीत तुळशीले जागा नाई, वाफा कुठला. संक्रांतीपर्यंत मी घरी येतेच. तवापर्यंत एक कापणी तुमी दोघी मायलेकी खाऊन घ्या. दुसरी माह्यासाठी ठेवजो.

खुशीले गोड पापा.

तुझी सासू,
इंदूबाई


दिग्रस
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आईंना शिरसाष्टांग नमस्कार,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी शाळेतून येऊन पायरीवर बसले होते. पोस्टमन म्हणाला, “मॅडम, घरच्या बाईचं हातानं लिहिलेलं पत्र मी कित्येक दिवसांत टाकलं नाही.” मी तिथंच वाचलं. मग खुशीनं वाचलं. तिला तुमचं अक्षर गोल गोल जिलेबीसारखं वाटतं.

आता हसू नका. अळीव पेरलं, पण पहिल्यांदा सगळं वाया गेलं. हरभरा भिजवतो तसं मी बी वाटीभर पाण्यात भिजत घातलं. सकाळी पाहिलं तर वाटीत बेडकाच्या अंड्यांसारखा बुळबुळीत गोळा! एक दाणा दुसऱ्यापासून सुटेना. खुशी म्हणाली, “आई, आता याची खीरच कर.” खरंच खीर केली. मग किराणा दुकानातून पुन्हा बी आणलं आणि या वेळी कोरडंच, थोडी राख मिसळून भुरभुरलं. चौथ्या दिवशी पोतं उचललं तर खालून पांढुरके कोंब माना वर करून उभे. आता दोन-दोन पानं हिरवी झाली आहेत.

तुम्ही रजतची आठवण लिहिली, तेव्हापासून मला लग्नानंतरचा पहिला हिवाळा आठवतो आहे. तुम्ही ज्वारीची भाकर केली होती आणि परातीत अळिवाचा घोळाना कालवला होता. बारीक चिरलेला पाला, कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि वरून जवसाचं कच्चं तेल. माझ्या माहेरी मेथीचा घोळाना करतात. मला वाटलं तसलाच असेल. मोठा घास घेतला आणि नाकापासून टाळूपर्यंत आग! डोळ्यांतून धारा लागल्या. रजत पोट धरून हसत होते. बाबा म्हणाले, “पाणी नको देऊ तिले, गूळ दे.” आणि तुम्ही माझ्या भाकरीवर गुळाचा खडा ठेवला. संध्याकाळी मीच पुन्हा मागितला, आठवतं? तेव्हा तुम्ही म्हणालात, “टिकते पोरगी.” मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं होतं. तुम्हाला कधी सांगितलं नाही.

विहिरीवरची मोटर मधेच बंद पडली होती. सेवादासभाऊंनी येऊन दुरुस्त केली. दुकानाच्या पाटीवर अजून रजतचं आणि त्यांचं, दोघांची नावं आहेत. आत मात्र ते एकटेच बसतात. मोटर झाल्यावर त्यांनी वाफ्याभोवती बोरीच्या काट्या रोवून दिल्या, कारण शेजारची बकरी रोज भिंतीवरून मान घालते. बाकी सगळं ठीक आहे.

प्रियंकाताईंना जपा. संक्रांतीला वाट पाहते.

तुमची,
प्रेरणा


रायपूर
९ डिसेंबर २०२४

चि. प्रेरणास आशीर्वाद,

मुलगी झाली! मायलेकी दोघी सुखरूप. नाक आपल्या खुशीसारखं हाये, रंग मात्र जावयाचा. प्रियंकाले अळिवाचे लाडू करून देऊन राह्यली. इथं बी ते बी मिळते, पण ह्या लोकायले फक्त लाडूच ठाऊक. पाला खातात म्हटलं तर शेजारीण माह्याकडे अशी पाहे, जशी मी ढोरांचा चारा सांगून राह्यली.

तुझ्या खिरीचं वाचून मी इतकी हसली की प्रियंका म्हणाली, “आई, टाके तुटतीन माह्ये, मले नको हसवू.”

पाला वीतभर व्हाच्या आधीच कापजो. बुडापासून दोन बोटं ठेवून कात्रीनं कापला की पुन्हा फुटते. मोठा होऊ देला तर दांडा जून होते.

एक सांगाचं हाये. संक्रांतीले माह्यं येणं नाई होत. लेकरू लहान हाये, प्रियंकाच्या घरात दुसरं कोणी नाई. होळीपर्यंत तरी राहा लागन. मंग पुढं पाहू. इथं बी मले बरं वाटून राह्यलं. तू माह्यी वाट नको पाहू. घर तुझंच हाये, तुले वाटन तसं राह्यजो, तुले वाटन ते करजो. कोणाले विचारत नको बसू.

सेवादास येते का घरी? मोटर झाल्यावर बी येऊन गेला का?

तुझी सासू,
इंदूबाई


दिग्रस
२८ डिसेंबर २०२४

ती. आईंना नमस्कार,

बाळाचं ऐकून आनंद झाला. खुशीनं झबलं निवडलं आहे. पार्सल सोमवारी पाठवते.

सेवादासभाऊ घरी येतात का, असं तुम्ही विचारलं. ते मोटर दुरुस्त करायला आले होते आणि काट्या रोवायला. त्यानंतर एकदा खुशीला ताप होता तेव्हा दवाखान्यात न्यायला आले. आता येणार नाहीत. मोटर बिघडली तर दुसरं कोणी पाहील, असं मी त्यांना सांगितलं आहे. तुमच्या कानावर कोणी काय घातलं मला माहीत नाही. पण तुम्ही मला सरळ विचारलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं.

पाला कापला. कात्रीनं, दोन बोटं ठेवून. भाकरी केल्या, तेल घातलं. ताट वाढताना सवयीनं पाच ताटल्या काढल्या. मग बाबांची परत ठेवली, रजतची परत ठेवली, तिसरी तुमची हातात घेतली आणि ती काही ठेववेना. तशीच चुलीपाशी राहिली. एवढ्या वर्षांत मी एकटीनं घोळाना खाल्ला नव्हता. पाला तितकाच तिखट आहे, पण या वेळी हसायला कोणी नव्हतं. खुशीनं एक पान खाल्लं, तोंड वाकडं केलं आणि टीव्हीसमोर जाऊन बसली.

आई, तुम्ही म्हणता होळीपर्यंत आणि मग पुढं पाहू. मी तिसरी-चौथीच्या लेकरांना शिकवते, अशी वाक्यं मला कळतात. तुम्हाला परत यायचं नाही. रजत गेले त्या घरात मला हिंडता-फिरताना पाहून तुम्हाला त्रास होतो का? तो नाही आणि ही आहे, असं वाटतं का? तसं असेल तर स्पष्ट लिहा. मी यवतमाळला भाड्यानं खोली घेईन आणि बदलीचं बघेन. तुमच्या घरातून तुम्ही बाहेर आणि मी आत, हे मला सहन होत नाही.

प्रेरणा


रायपूर
११ जानेवारी २०२५

प्रेरणा, पोरी,

तुझं पत्र वाचलं अन् मशीन काढून ठेवलं. दिवसभर कोणाचं काही ऐकू नये असं वाटलं.

मी वाईट वागली. चांगलं कराले गेली अन् उलटंच झालं. आता सगळं सांगते.

दिवाळीच्या आधी, तू शाळेत होतीस तवा सुखीबाई आपल्या घरी आलती. सेवादासची माय. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून पायी आली, मी चहा मांडला तरी कप हातात धरूनच बसली. मंग म्हणाली, “इंदूबाई, माह्या पोरानं मले काही सांगितलं नाई. पण मी माय हावो. तुमच्या सुनेचं नाव निघालं की तो जेवता जेवता थांबते. दोस्ताची बायको म्हणून त्याच्या तोंडातून शब्द निघत नाई. तुमाले राग आला तर मी पाय धरून उठून जाईन. नाई आला तर पोरीले विचारा.”

मले राग नाई आला. पण खोटं कायले बोलू. वाटलं, म्हणजे रजत खरंच गेला. तीन वर्ष झाले होते, पण त्या चहाच्या कपासमोर तो मले पुन्हा गेल्यासारखा वाटला. मी सुखीबाईले म्हटलं, विचारते. अन् तुले विचारलं नाई.

मले माहीत होतं तू काय म्हणशील. मी समोर बसली असतानी तू नाईच म्हटलं असतं. भाकरी थापता थापता म्हटलं असतं, अन् विषय संपला असता. माह्यी मोठी बहीण पंचवीसची असतानी रांडावली. सासरी राह्यली. दिरांचे लेकरं वाढवले, सासूचं हागणंमुतणं काढलं, साऱ्या गावानं नाव काढलं, केवढी गुणाची बाई म्हणून. म्हातारपणी एक डाव मले म्हणाली, “इंदू, मले कोणी काही विचारलंच नाई वं.” बस, एवढंच. तिची सासू वाईट नोती. ती फक्त घरात होती.

म्हणून प्रियंकाचं बाळंतपण आलं तवा मी ठरवलं, आपण दूर झालेलं बरं. उंबऱ्यात म्हातारी बसली नसन तर पोरगी मोकळी होईन. म्हणून विचारलं, सेवादास येते का. ‘येते’ असं तू लिहिशील, अन् मी इथं समजून जाईन, अशी आस होती. तू त्याचा भलताच अर्थ घेतला. घेशीलच, मी कुठं सरळ लिहिलं.

तुले पाहून मले त्रास होते, असं काहून लिहिलं वं? इथं सकाळी उठली की मी प्रियंकाले तुह्याच नावानं हाक मारते. ती चिडते.

आता तू सांग. मी विचारून राह्यली. उशिरा, पण विचारून राह्यली.

इंदूबाई


दिग्रस
१६ फेब्रुवारी २०२५

आई,

उत्तराला महिना लावला. तुम्ही काळजी केली असेल, माफ करा. पत्र रोज लिहीत होते आणि फाडत होते.

आधी हे सांगते, की सेवादासांनी मला स्वतःच विचारलं होतं. दसऱ्याच्या सुमारास, दुकानासमोर, रस्त्यात. माझ्याकडं न पाहता, समोरच्या मोटरच्या तारा गुंडाळत. मी नाही म्हटलं. तुमचं नाव सांगितलं. म्हटलं, आईंना हे सहन होणार नाही. आणि घरी येऊन तुमच्यासमोर गप्प बसले. म्हणजे एकाच गोष्टीवर तुम्हीही झाकण ठेवलं आणि मीही. तुम्ही माझ्यासाठी रायपूरला गेलात आणि मी तुमच्यासाठी त्यांना घरी येऊ नका म्हटलं. मधे त्यांना काय वाटलं असेल?

तुमचं पत्र मिळाल्यावर मी रागावले. खरंच रागावले. तुम्ही लिहिता, तुमच्या बहिणीला कोणी विचारलं नाही. मग मला तरी कुठं विचारलं? घरातून निघून जाऊन मला मोकळं केलं, असं तुम्हीच ठरवलं. आई, मला तुमच्यापासून मोकळं व्हायचं आहे, असं कोणी सांगितलं तुम्हाला?

मागच्या रविवारी मी सुखीबाईंकडं गेले. खुशी सोबत होती. सेवादास अंगणात खाट विणत होते. मला पाहून उठले, तर दोरी सगळी सुटली. सुखीबाई आत निघून गेल्या. आमचं जे बोलणं झालं ते तुम्हाला जसंच्या तसं लिहिते, कारण तुमच्यापासून आता काही ठेवायचं नाही.

मी म्हटलं, “दसऱ्याला तुम्ही विचारलं होतं. अजून विचार तोच आहे का?”

ते म्हणाले, “बदलाले काय झालं?”

“माझ्या दोन गोष्टी आहेत. रजतचा फोटो बैठकीतून निघणार नाही.”

“तो फोटो म्याच तं फ्रेम करून आणलता,” ते म्हणाले. “दुकानातबी एक हाये. रोज सकाळी त्याले सांगतो आज कोणाची मोटर आली ते.”

मग मी म्हटलं, “दुसरी गोष्ट. आई माझ्याजवळ राहतील. मी सून म्हणून त्यांच्या घरात आले, पण त्यांना सोडून कुठं जाणार नाही.”

ते बराच वेळ दोरीचं टोक शोधत राहिले. मला वाटलं, इथंच अडलं. मग म्हणाले, “इंदूकाकी कुठं जातीन? त्याईच्या हातचं खाऊन मी मोठा झालो. त्या नाई आल्या तं मले तुमच्या घरात पाय ठेवाची हिंमत होईन का? त्याईले आधी आणा. बाकी मंग.”

खुशी मधेच म्हणाली, “काका, तुम्ही आमच्याकडं राहणार का? मग सायकलची चेन रोज तुम्हीच बसवाल?” तेव्हा कुठं ते हसले.

आई, मी हो म्हटलं आहे. हो म्हणताना रजत डोळ्यासमोर होते. वाफ्यात उकिडवे बसलेले, मागून केस उभे राहिलेले. मला वाटलं होतं अपराधी वाटेल. नाही वाटलं. फक्त त्यांची फार आठवण आली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात, हे मला माहीत नव्हतं.

इथं ऊन वाढलं आहे. अळीव कमरेएवढं झालं नाही, पण गुडघ्याला लागतं. सगळ्या शेंड्यांना बारीक पांढरी फुलं आली आहेत आणि पाला आता कडू लागतो. दुसरी कापणी तुमच्यासाठी ठेवली होती, ती तशीच जून झाली.

मला उत्तर नको. तुम्ही या.

प्रेरणा


रायपूर
२५ फेब्रुवारी २०२५

चि. प्रेरणा,

उत्तर नको म्हणतेस, पण गाडीची वेळ कळवा लागन ना. पुढच्या शनिवारच्या गाडीनं जावईबापू मले नागपूरले आणून सोडतीन. तिथून यवतमाळची एसटी, अन् यवतमाळहून दिग्रसची. स्टँडवर कोणी आलं नाई तरी चालन. बोचकं जड नाई.

प्रियंकाले सांगितलं. तिच्या मनाले लागलं. भाऊ होता तिचा. संध्याकाळी लेकराले मांडीवर घेऊन म्हणाली, “आई, आता मी माहेरी आली तर कोणाच्या घरी येऊ?” मी म्हटलं, “माह्या घरी ये. तिथं प्रेरणा हाये, ती भाकर वाढन.” मंग ती रडली, मी बी रडली, अन् आमाले पाहून लेकरू बी रडलं. आज सकाळी तिनंच तिकीट काढलं.

जातीवाले बोलतीन. तुह्या सासऱ्याचे चुलतभाऊ तं नक्की बोलतीन. त्याईची चिंता तू नको करू. मशीन माह्या हातात हाये. ज्याचं ऐकाचं नाई त्याच्यासमोर मी ते काढून ठेवते.

रजतशी मी रोज मनात बोलते. त्याले सांगितलं. तो काही म्हणाला नाई, पण तो तसा बी आईले काही म्हणतच नोता. आता मन हलकं हाये असं नाई म्हणत. जड हाये, पण उचलता येते.

एका गोष्टीचा मात्र इथं बसून लय विचार केला. लग्नात मी कोणीकडून उभी राहू? तुह्या माहेरी माय नाई, भाऊ एकटा काय काय पाहीन. सेवादासकडून सुखीबाई हाये. तवा मी मुलीकडून उभी राह्यते. मंग पोरीची माय म्हणून सुखीबाईले लुगडं मले द्या लागते, त्याईचा मान हाये तो. येता येता नागपुरात घेते म्हणते. त्याईले कोणता रंग आवडते, ते शनिवारच्या आधी विचारून प्रियंकाच्या फोनवर कळवजो.

इंदूबाई